पांढऱ्या गाडीखालची माती

ईरा, निहार,

उद्या सकाळी आपल्या दारात एक जुनी जीप येऊन उभी राहील. तुमच्या बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आई, दुःखात माणसं असं काहीतरी करतात. महिनाभर थांब." मी थांबले नाही. आता ते तुम्हाला त्यांच्या पद्धतीने सांगतील आणि त्यात माझं वय, माझे गुडघे आणि माझं डोकं या तिन्हींचा उल्लेख येईल. त्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून आज घाईने लिहायला बसले आहे.

जुबेदाआजी गेली, हे तुम्हाला माहीत आहे. मागच्या सुट्टीत तिने तुम्हाला टायरमधली हवा मोजायला शिकवली होती आणि ईरा, तू हात काळे करून घेतलेस म्हणून मी ओरडले होते. तीच जुबेदाआजी. आम्ही दोघी एक जुनी फोर व्हील ड्राइव्ह घेऊन लांब जाणार होतो. कुठली गाडी घ्यायची यावरून आमचं भांडण झालं, ते मिटायच्या आत ती गेली.

तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, तरी हे मराठीतच लिहिते. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पण तिच्याशी बोलले आणि भांडले ते याच भाषेत. शब्द अडला तर बाबांना विचारा. आता थोडा वेळ तुमच्याकडे पाठ करते आणि तिच्याशी बोलते. तुम्ही ऐका.

जुबेदा,

तुझ्या घरून परत आल्यापासून मी एका जागी बसलेली नाही. डबे पुसले, पुसलेले डबे पुन्हा पुसले. चहा टाकते आणि गेटपर्यंत जाते, परत येते तोवर चहा उतू गेलेला. आपल्या आळीत गाडी वळवायला जागा नाही म्हणून तू मेन रोडपासून माझ्या गेटपर्यंत उलटी यायचीस, दोन्ही बाजूंच्या दगडी गडग्यांना न घासता, एक हात खिडकीबाहेर टाकून. परवा कोणीतरी तशीच गाडी उलटी आणत होतं. गडग्याला घासली. मला बरं वाटलं. असलं काहीतरी वाटतं आणि मग लाज वाटते, आणि मग पुन्हा उठून काहीतरी पुसते.

तुला आठवतं का, असं विचारायची सवय अजून जात नाही. आठवत असेल किंवा नसेल, मी सांगते.

मी भाट्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळच्या फेऱ्या घालत होते. पुण्याची एक मोठी कोरी गाडी वाळूत रुतली होती आणि भरती चढत होती. चौघे मागून ढकलत होते, पाचवा आत बसून ॲक्सिलरेटर दाबत होता आणि चाकं आणखी खाली जात होती. तू सुरूच्या बनातून आलीस, दुपट्ट्याचं टोक दातात धरून.

"हवा काढा," तू म्हणालीस.

"काय?"

"टायरमधली हवा. अर्धी काढा."

"मावशी, गाडी रुतलीय. पंक्चर नाही झाली."

"मग ढकला. समुद्राला काय घाई नाय."

लाट मागच्या चाकाला लागली तेव्हा त्यांनी हवा काढली. तू आतली पायपुसणी ओढून चाकांपुढे घातलीस, आत बसलेल्याला बाहेर काढलंस आणि स्वतः बसून गाडी अशी अलगद वर आणलीस, जणू ती मुळात रुतलीच नव्हती. त्यातल्या एकाने विचारलं, "मावशी, हे कुठे शिकलात?"

"मस्कतला. तिथली वाळू तुमच्या पुण्याहून मोठी."

मग माझ्याकडे वळलीस. मी हाताची घडी घालून उभी होते. "आणि तू गो? तिकीट काढून आल्येस काय बघायला?"

मला त्याआधी कॉलेजात, घरात, आळीत कोणी असं बोललं नव्हतं. मी तुला चहाला बोलावलं.

चहाला आलीस ती आमच्या पडवीत कव्हराखाली उभ्या असलेल्या गाडीपाशीच थांबलीस. हे गेल्यापासून ती तशीच होती. गाडी नेहमी हेच चालवायचे, मी शेजारी बसून रस्त्याच्या पाट्या वाचायचे. त्यांच्या मागे मी दर आठवड्याला ते कव्हर धुवायचे, वाळवायचे आणि पुन्हा घालायचे.

"गाडी ठेवून कव्हर धुतेस? टीचर, धन्य गो तुझी," तू म्हणालीस. त्या दिवसापासून मी तुझी टीचर झाले आणि शिकवायला लागलीस तू. मी क्लच सोडताना श्वास रोखायचे, ते तुला ऐकू यायचं. "श्वास सोड, मग क्लच सोड. दोघांना एकदम धरून ठेवलंस तर दोघं बंद पडतील."

पुढे दोघींच्या घरी एकच बोलणं सुरू झालं. तुझा अस्लम म्हणायचा, अम्मी, मस्कतला ये. माझा मुलगा म्हणायचा, आई, कॅनडाला ये. तिथे काय करायचं असतं ते आपल्याला ठाऊक होतं. वरच्या मजल्यावरून दुसऱ्यांच्या गाड्यांकडे बघत बसायचं.

"कुणाकडे नको जाऊया," तू म्हणालीस. "नुसतं जाऊया."

तुला वाळू हवी होती, जैसलमेरच्या पलीकडची. मस्कतहून परत आल्यापासून तू म्हणायचीस की इथल्या वाळूला पाण्याचा वास येतो, कोरड्या वाळूला कसलाच वास येत नाही आणि तुला त्या नसलेल्या वासाची आठवण येते. मला बर्फ बघायचा होता, स्पितीत, स्वतःच्या चाकांवर जाऊन. ठरलं असं की दिवाळीनंतर आधी तुझी वाळू, मग उन्हाळ्यात माझा बर्फ. मी म्हटलं, मग नवी गाडीच घेऊ, निर्धास्त जाता येईल.

"नवी रुसली तर तिच्यासाठी लॅपटॉपवाला लागतो. तो जैसलमेरच्या पुढं कुठं शोधू? जुनी रुसली तर पाना आणि दोन शिव्या पुरतात. पाना मी धरीन."

"आणि शिव्या?"

"त्या पण मीच देईन. तुला जमणार नाय."

हातखंब्याला जाण्याच्या आदल्या दिवशी मी काय केलं ते तू सगळ्यांना सांगत फिरलीस, तेव्हा मीही एकदा सांगते. मी दिनूला फोन केला. दिनू म्हणजे तिथल्या नाक्याजवळ जुन्या गाड्या विकणारा; त्याच्याकडे एक हिरवी जीप आली होती. उद्या सकाळी दहाला येतो, असं मी त्याला नीट कळवलं. कोणाकडे न सांगता कसं जायचं? आपण पोचलो, तू बॉनेटवर तळहात ठेवलास आणि माझ्याकडे बघितलंस.

"गरम हाय. ह्याला कोणी सांगितलं आपण येतोय म्हणून?"

"मी."

"मुलगी बघायला आलो काय आपण? कांदेपोहे मागवू? मुलीला पावडर लावून बसवतात तशी गाडीला पण बसवतात, गो! गाडी थंड असताना बघायची. सकाळची पहिली खोकते कशी, धूर काळा की पांढरा, ते बघायचं. चल, उठ."

दिनू चहा घेऊन आला तोवर तू परत गाडीत बसली होतीस. दुसऱ्या दिवशी न सांगता गेलो तेव्हा तो दात घासत होता. तोंडात फेस घेऊन त्याने चावी दिली.

हिरवी मला आवडली, हे मी लपवलं नाही. बाटलीच्या रंगाची, कॅनव्हासच्या छपराची, पेट्रोलवर चालणारी, लहान आणि हलकी. सांगोल्याकडच्या एका डाळिंबवाल्याची होती. थंडगार असताना तिसऱ्या किल्लीला सुरू झाली. तू भाताचं पोतं जमिनीवर टाकून तिच्याखाली सरकलीस आणि खालून ओरडलीस, "ये."

"मी? साडीत?"

"मग काय सूट शिवायचा?"

असं आयुष्यात पहिल्यांदा मी एका गाडीच्या पोटाखाली आडवी झाले. नाकासमोर तो लांबच्या लांब लोखंडी सांगाडा, ज्याला सगळे चासी म्हणतात. त्यावर लाल थर. तू माझ्या हातात ओलं फडकं दिलंस.

"आपल्याकडे सगळं लाल. रस्ता लाल, गडगा लाल, पावसाचं पाणी लाल. गाडीखाली पण लाल. त्यातली माती कुठली आणि गंज कुठला, ते डोळ्यांना नाय कळत. इथं भले भले फसतात. माती म्हणतात, घरी आणतात, आणि दुसऱ्या पावसात चाक एकीकडे, गाडी एकीकडे. म्हणून फडकं. पूस."

मी पुसलं. दिनूच्या आवारातली माती होती ती. फडक्यावर आली आणि खाली काळा रंग दिसला.

"आता हे." तू स्क्रू ड्रायव्हर दिलास. "टोच. जोरात टोच, ती काय रडणार नाय. चासी सडलेली असेल तर बाकी गाडी सोन्याची असली तरी उपयोग नाय. इंजिन बदलता येतं, हाडं नाय बदलता येत."

लोखंड टणक होतं. तू म्हणालीस, "ही घाटावरची. समुद्र बघितला नाय हिने. कोकणातली गाडी कधी घेऊ नको, टीचर. खारं वारं आतून खातं, आणि वरून दिसत नाय."

मग दिनूने चार दिवस गाडी चालवून बघायला दिली. ओहोटीला, किनाऱ्यावर कोणी नसताना, तू मला मोकळ्या वाळूत नेलंस. हवा कमी करायला लावलीस. गिअरशेजारचा दुसरा छोटा दांडा कधी टाकायचा ते दाखवलंस. "हा टाकला की गाडी म्हातारी होते. हळू चालते, पण धरलेलं सोडत नाय. वाळूत थांबायचं नाय, वळायचं तर मोठं वळायचं, आणि वजन कमी ठेवायचं. वाळूला हलकी गाडी आवडते. ही बरोबर हाय." मी रुतले. तू खाली उतरली नाहीस, शेजारी बसून बोटांनी डॅशबोर्डवर ठेका धरलास, तो मी स्वतः गाडी बाहेर काढेपर्यंत सोडला नाहीस. बाहेर आले तेव्हा मी कॉलेजच्या पोरीसारखी ओरडले.

त्यानंतर तू उतरलीस. बॉनेट दोन्ही हातांनी धरून, मान खाली घालून बराच वेळ उभी राहिलीस. मला वाटलं, चाकं बघते आहेस.

आता त्या चार दिवसांतली प्रत्येक गोष्ट मी पुन्हा पुन्हा काढून बघते. तू उतरताना दार कसं धरलंस. घरी जाताना मला म्हणालीस, "आज तूच चालव, मला तुझं बघायचंय." मी बघितलं फक्त स्वतःचं चालवणं.

माझ्या दृष्टीने ठरलं होतं. हिरवी. तू म्हणालीस, "अजून एक बघू. खेडला हाय."

खेडची पांढरी लाल जांभ्याच्या एका चिरेखाणीच्या मालकाची. लांब, जड, डिझेलवर चालणारी. मागच्या सगळ्या सीटा काढून टाकलेल्या, खाणीवर सामान न्यायला सपाट पत्रा आणि त्यावर रबराची चटई. खाणीतली गाडी, म्हणजे चाकापासून छतापर्यंत लाल. मी सवयीने पोतं घेऊन खाली जायला निघाले. तू मागचं दार उघडलंस.

तू आत चढलीस आणि सरळ आडवी झालीस. पाय ताणलेस, डोळे मिटलेस. मालक हसायला लागले.

"आजी, गाडी बघायला आलात की झोपायला?"

मीही हसले. तू डोळे न उघडता म्हणालीस, "लांबीला बरोबर हाय." मग हळूहळू उठलीस, बाहेर आलीस, एका हाताने दार धरून जरा वाकलीस, खाली बघितलंस.

"माती हाय," म्हणालीस.

मी पिशवीतून ओलं फडकं काढलं. मी घरूनच भिजवून प्लॅस्टिकच्या पिशवीत आणलं होतं, मी ही अशी. तू माझा हात धरलास. "राहू दे. माती हाय. धुतली की जाईल."

परतीला तू पुन्हा मला चालवायला दिलंस. शेजारची सीट पूर्ण मागे पाडून पडून राहिलीस. परशुराम घाट लागला तिथे मी तोंड उघडलं.

"वाळूला हलकी गाडी हवी, असं कोण म्हणालं?"

"मी."

"कोकणातली घेऊ नको, असं कोण म्हणालं?"

"मीच."

"मग ही जड आहे, कोकणातली आहे आणि वर खाणीतली आहे. ही कशासाठी?"

"मागे आडवं होता येतं."

"आपण प्रवासाला चाललोय की झोपायला?"

मालकांचा विनोद मी उचलला होता. तू हसली नाहीस. खिडकीकडे कुशीवर वळून म्हणालीस, "तुला सगळं बरोबर लागतं, टीचर. नेहमी बरोबर असलेल्या बाईसंगती जैसलमेरपर्यंत कोण जाईल?"

"मग नको जाऊस," मी म्हटलं.

दोन दिवसांनी तुझ्याकडून तिसऱ्यांचं, शिंपल्यांचं सार आलं, डबा परत देताना मी त्यात काजूची उसळ घातली. आपण पुन्हा बोलायला लागलो. तुझ्या दारातल्या फणसाबद्दल बोललो, अस्लमच्या नोकरीबद्दल बोललो. गाडीचं नाव दोघींनी काढलं नाही. मग तू दवाखान्यात गेलीस, सगळे म्हणाले की अशक्तपणा आहे, सलाइन लावलं की उठेल. मी दोनदा आले. दोन्ही वेळा तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "हिरवी गेली काय कुणाला?" मी म्हटलं, "नाही, आहे." तू डोळे मिटलेस. मला वाटलं, भांडण पुढे न्यायचं आहे तुला. मी ते उद्यावर ठेवलं.

तू गेल्यावर तुझ्या घरी बायकांच्या खोलीत मी भिंतीला टेकून बसले होते. पठण चाललं होतं. तुझी सून शबाना शेजारी येऊन बसली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "टीचर आंटी, अम्मींनी सांगू नका म्हटलं होतं. तुम्हाला तर मुळीच नाही. कॅन्सर होता, मणक्यात गेला होता. गुढीपाडव्याच्या सुमाराला कळलं. बसवत नव्हतं त्यांना. आडवं झालं की तेवढं बरं वाटायचं."

मी शबानाचा हात धरून ठेवला. डोळ्यांसमोर ती रबराची चटई होती.

मग मला घरात थांबवेना. आठवड्याने मी ह्यांच्या गाडीचं कव्हर काढलं आणि एकटी खेडला गेले. एवढं लांब एकटीने पहिल्यांदाच चालवलं, पण त्याचं काही वाटलं नाही, कारण वाटेत सबंध वेळ मी तुझ्याशी बोलत होते. पांढरी घ्यायची होती मला. का, ते विचारू नकोस. तुझा शब्द होता. घाटात मी जे म्हटलं त्यावर याहून वेगळं काय करणार होते मी?

मालकांनी ओळखलं. "दुसऱ्या आजी कुठं?" सांगितल्यावर ते बाकावर बसले. "अहो, त्यांनी फोन केला होता की मला. दोनदा. तुम्ही लोक दिवाळीनंतर घेणार म्हणालात ना, त्या म्हणत होत्या, तेवढं थांबायला नको, लवकर द्या. मी म्हटलं, कागद तयार व्हायला वेळ लागेल."

मी म्हटलं, देऊन टाका, मी घेते. चावी हातात घेतली. आणि मग, जुबेदा, माझी सवय. तुझीच म्हणायची ती आता. गाडीखाली गेल्याशिवाय होय म्हणायचं नाही. मी पोतं अंथरलं आणि खाली सरकले.

पुसलं. थोडं लाल फडक्यावर आलं. पुन्हा पुसलं, जोरात. खालचं लाल तसंच राहिलं. मागच्या चाकाच्या स्प्रिंगचे पाटे जिथे चासीला धरलेले असतात, तिथे मी स्क्रू ड्रायव्हर लावला. टोचावंही लागलं नाही. उकडलेल्या बटाट्यात सुरी जावी तसा आत गेला आणि लाल भुकटी माझ्या गालावर पडली.

वरून मालक म्हणाले, "माती आहे हो ती."

"माती नाही," मी खालून म्हटलं.

तिथेच पडून राहिले. त्यांना वाटलं असेल, आजीला उठता येत नाही. तुला हे कळलं होतं का? तुला गाडीबद्दल खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. दिनूला तू त्याच्या तोंडावर सांगायचीस की अमुक गाडी भंगारात घाल. मग इथे का? कदाचित दुखण्यामुळे तुला नीट वाकताच आलं नाही आणि जे दिसलं ते तुला खरंच माती वाटलं. कदाचित तू वेल्डिंग करून घेणार होतीस, मला न सांगता, मी हिशेबी बाई घाबरेन म्हणून. असं मी स्वतःला समजावते आणि मग तो हात आठवतो. माझं फडकं अडवणारा हात. राहू दे, म्हणालीस.

म्हणजे तुला माहीत होतं. तुला स्पितीपर्यंत टिकणारी गाडी नको होती. जेवढं तुझ्याने होईल तेवढंच तिने टिकायला हवं होतं. एकदा कोरड्या वाळूपर्यंत, आडवं पडून, मी चालवत असताना. म्हणून मला चालवायला एवढं घोटून घेतलंस.

मला राग आला. अजून आहे. जैसलमेरला पोचलो असतो समज. परतीचं काय? त्या सडक्या चासीवर परत येताना गाडीत मी एकटी असते, याचा विचार तू केला होतास का? आणि एवढं सगळं करण्याऐवजी घाटात मला एक वाक्य सांगितलं असतंस तर? टीचर, मला बसवत नाही. चार शब्द. मी तुला हिरवीच्या पुढच्या सीटवर गादी घालून नेलं असतं. रुग्णवाहिकेतून नेलं असतं. अर्थात मी तेही केलं नसतं. मी तुला मुंबईच्या डॉक्टरकडे नेलं असतं, रिपोर्ट फाइलमध्ये तारखेने लावले असते, पथ्याचा कागद फ्रिजवर चिकटवला असता, आणि वाळू पुढच्या वर्षावर ढकलली असती. ते तुला माझ्याहून आधी ठाऊक होतं.

हे सगळं मी त्या गाडीखाली पडून म्हटलं. मोठ्याने नाही.

मग बाहेर आले, साडी झटकली, मालकांना चावी दिली आणि सांगितलं की ही गाडी कुणाला विकण्याआधी चासी दाखवून घ्या, माणूस मरेल. ते जरा रागावले. म्हणाले, "पण त्या आजी तर म्हणाल्या होत्या..." मी म्हटलं, "त्यांनीच मला बघायला शिकवलं."

तुझा शब्द मी मोडला, तो असा. तू शिकवलं नसतंस तर तुझ्या प्रेमापोटी मी पांढरी घेऊन आले असते आणि राजस्थानात कुठेतरी चाक एकीकडे, मी एकीकडे. तू तेव्हा काय योजलं होतंस ते मला कधीच कळणार नाही. पण हातखंब्याला, त्या भाताच्या पोत्यावर, तू मला जे दिलंस ते पुरतं खरं होतं. त्यात कुठे मऊ जागा नव्हती. मी टोचून बघितलंय.

खेडहून सरळ हातखंब्याला गेले. हिरवीच्या बॉनेटवर हात ठेवला. थंड. दिनू जेवत होता, उष्ट्या हाताने बाहेर आला. तुझं त्याला कळलं होतं. "आजींनी सांगून ठेवलं होतं," तो म्हणाला, "की हिरवी टीचरसाठी धरून ठेव. दवाखान्यातून फोन केला होता." आणि मग, "पण त्यांना तर पांढरी पाहिजे होती ना?"

मी हिरवीच्या बंपरवर टेकले. त्याने पाणी आणून दिलं.

तेव्हा आता सांगते. पांढरी तुझ्यासाठी होती आणि हिरवी माझ्यासाठी, आणि तू शेवटपर्यंत दोन्ही बाजूंनी खटपट करत होतीस. एकाच बाईने दोन गाड्या दोन ठिकाणी अडवून ठेवल्या होत्या. आणि मी समजत होते की वाद आपल्या दोघींत आहे.

गाडी उद्या येईल. कागद माझ्या नावावर व्हायला काही आठवडे जातील, तेवढ्यात पुढचे दोन टायर बदलायचे आहेत. दिवाळीनंतर निघेन. आधी वाळू, ठरलं होतं तसं. शबाना म्हणते, गुजरातपर्यंत तरी मी येते. येऊ दे. मुलगा रोज फोन करून न जाण्याचं वेगळं कारण सांगतो. त्यालाही म्हटलं, ये. कोणी आलं नाही तरी निघायचं आहे, कारण इथे मला बसवत नाही, आणि ते कोणाला सांगायला मी तुझ्यासारखी घाबरत नाही.

घाटातलं भांडण तिथेच आहे. हिरवीत मागे आडवं होता येत नाही. तेवढं तुझं म्हणणं बरोबर होतं, आणि मी ते मान्य केल्याचं तुला कळवायची सोय नाही. तू नाहीस. उरली आहे ती बहात्तर वर्षांची एक बाई, जिला वाळूत गाडी चालवता येते.